गढूळ पाण्याचा सिनेमा

समुद्राचा सिनेमा दाखवायचा तर तिथी पाहावी लागते. पडद्याला अंधार हवा म्हणून चांदणं नको, आणि कोळीवाड्यातले पुरुष गावात हवेत म्हणून उधाण नको. अमावास्येला अंधार मुबलक, पण त्या दिवसांत पाण्याला ओढ असते, डोलीची जाळी लागलेली असतात आणि घरोघरी म्हाताऱ्यांशिवाय कुणी हाती लागत नाही. दोन्ही गोष्टी जुळून येतात त्या वद्य अष्टमीच्या सुमाराला. भांगाचे दिवस. भरतीत दम नसतो, होड्या खाडीत टेकलेल्या असतात आणि चंद्र उगवायला मध्यरात्र व्हावी लागते. रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात सागरी जीवांवरचा माहितीपट फुकट दाखवायचं काही तरुण मुलांनी ठरवलं, तेव्हा त्यांनी आपल्या सोयीनं एक शनिवार धरला होता. गावच्या नाखवांनी पंचांग उघडलं आणि शनिवारचा बुधवार केला.

मी घाटावरचा माणूस. समुद्र माझ्या वाट्याला आला तो सुट्टीतला, भेळेबरोबरचा आणि सूर्यास्तापुरता. त्या मुलांपैकी एकाच्या ओळखीनं मी गेलो आणि खुर्च्या मांडायला हातभार लावला, एवढाच माझा कार्यक्रमाशी संबंध. पटांगण म्हणजे एरवी बोंबील वाळवायची जागा. उभ्या-आडव्या बांबूंची मांडण, त्यांवर ताणलेले दोर, आणि दोरांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगलेले बोंबील. त्या संध्याकाळी दोन रांगा मोकळ्या करून तिथेच पांढरा पडदा ताणला होता. पुढे गोणपाटांवर पोरं, मागे खुर्च्यांवर पुरुष, आणि कडेनं, अर्धवट अंधारात, बायका. त्यांच्या हाताला विसावा नव्हता. पडद्यावरून परत येणाऱ्या उजेडात त्या जवळा निवडत बसल्या होत्या. माघातला वारा मध्येच पडदा फुगवायचा, पडद्यावरचा समुद्र आपोआप हेलकावायचा आणि पोरं आरडाओरडा करायची.

“फुकट दाखवताय, मग शेवटाला काय इकनार?” एका मावशीनं सुरुवातीलाच विचारलं. सगळे हसले, पण तिचा संशय अनुभवातून आलेला होता. आपल्याकडे फुकट सिनेमा कधीच रिकाम्या हातानं आलेला नाही. कधी सरकारी प्रचाराची गाडी आली, कधी साबणवाला आला, कधी प्लॉट विकणारा. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झाल्यावर कित्येक वर्षं थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट बघावाच लागायचा. तोही एका अर्थी फुकटच, आणि लोक त्या वेळात पानाच्या टपरीवर उभे राहायचे. शेवटी कुणीतरी उभं राहून काहीतरी गळ्यात बांधणार, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. ही मुलंही विकायलाच आली होती. त्यांच्याकडे होतं समुद्राचं प्रेम, आणि गिऱ्हाईक म्हणून त्यांनी निवडला होता समुद्रावर जगणारा गाव.

दाखवणार होते बीबीसीच्या २०१७ सालच्या ‘ब्लू प्लॅनेट २’ या मालिकेतले निवडक भाग. ती करायला चार वर्षांहून जास्त काळ लागला. ३९ देशांत १२५ मोहिमा झाल्या, आणि पाण्याखाली ६,००० तास काढले गेले. निवेदन डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचं, इंग्रजीतलं; त्यामुळे आमच्या मुलांपैकी एक जण माईक घेऊन पडद्याच्या कडेला उभा होता आणि मराठीतून सांगत होता. त्याचं निवेदन पहिल्या दहा मिनिटांत गावानं काढून घेतलं. सेशेल्सच्या बेटांजवळ एक भलाथोरला मासा पाण्यातून झेप घेऊन उडता पक्षी तोंडात पकडतो, तेव्हा तो पोरगा पाण्यातून वर पाहत पक्ष्याच्या वेगाचा हिशोब मांडणाऱ्या माशाबद्दल काही सांगू लागला. पण मागून तिघाचौघांनी त्या माशाचं वजन सांगायला सुरुवात केली. अंदाजांत तफावत पडली, वाद झाला, पक्षी केव्हाच गिळला गेला होता.

मग आली माकूल. इंडोनेशियाच्या प्रवाळातली, शहरी भाषेत कटलफिश. समोर खेकडा. माकुलीच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे धावू लागले, लाटांमागून लाटा, आणि खेकडा जागच्या जागी खिळला. पटांगण एकदम गप्प झालं. बायकांचे जवळा निवडणारे हात थांबले. माझ्या शेजारच्या मावशींनी जन्मभर बाजारात पाटी लावली होती. या एका जिवाचे किती ढीग त्यांच्या हाताखालून गेले असतील याला गणती नाही. त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, “इवरी रंगीत? आमचे पाटीन येते तवा तर पांढरी फटक असते.” आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच: “मरल्यावर यो रंग जातो कुठं?”

उत्तर कुणी दिलं नाही. सिनेमा पुढे गेला होता. त्याचं शास्त्र असं, की माकुलीच्या कातडीत रंगाच्या हजारो बारीक थैल्या असतात. प्रत्येक थैलीला चहूबाजूंनी स्नायूंचे धागे. मेंदूतून निरोप आला की धागे ताणले जातात, थैली पसरते, रंग उमटतो; निरोप थांबला की थैली मिटते. जीव गेल्यावर हळूहळू सगळ्याच मिटतात. त्यातून गंमत अशी की ही रंगांची राणी स्वतः रंगांधळी. तिच्या डोळ्यात रंग ओळखायची सोयच नाही. हे सगळं पुस्तकातून कळतं. पण मावशींचा प्रश्न पुस्तकातून येत नाही. ज्यांनी तो जीव सर्वांत जवळून हाताळला, सोलला, तोलला, त्यांच्याकडे तो नेहमी मेल्यानंतरच पोचत होता. त्याचं जिवंतपण बघायला आधी हवेच्या नळकांड्या, दिवे आणि परदेशी कॅमेरा लागला, आणि मग बोंबलांच्या दोरीवर ताणलेला हा पडदा. माहितीपटाच्या नावानं नाकं मुरडणाऱ्यांनी त्या क्षणी तिथे असायला हवं होतं. माशांना सर्वांत जास्त ओळखणाऱ्या माणसांना माशांबद्दलची एक गोष्ट कधीच मिळाली नव्हती, ती या फुकट कार्यक्रमानं दिली.

पुढे निळाई सुरू झाली. पडदाभर निळं, त्यात रुपेरी थवे, त्यांतून तिरपे उतरलेले उन्हाचे खांब. माझ्यासारख्याला हे दिसलं की समुद्र दिसल्याचं समाधान होतं. डोळे निवतात. नाखवा मात्र खुर्चीत चुळबुळ करत होते. शेवटी न राहवून म्हणाले, “यो आमचा दर्या नाय.” आणि पुढे, जरा दयेनं: “निल्या पान्यान म्हावरा कवरा गावनार?”

समुद्रविज्ञानाचा एक अख्खा धडा त्या वाक्यात आहे. पाण्यात शिरणाऱ्या उजेडातला तांबडा भाग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा सर्वांत खोल पोचतो. पाण्यात तरंगणारं फारसं काही नसेल तर तोच निळा आपल्याकडे परत येतो आणि आपण म्हणतो, काय सुंदर समुद्र! पण पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर समुद्रातली जवळजवळ सगळी अन्नसाखळी उभी असते. त्या वाढल्या की पाणी हिरवटतं. त्यात गाळ मिसळला की तपकिरी होतं. नितळ निळं म्हणजे पाण्यात खायला नाही. दक्षिण पॅसिफिकच्या मध्यावरचं, ईस्टर बेटाच्या बाजूचं पाणी जगातल्या सर्वांत नितळ पाण्यांपैकी एक, आणि सर्वांत उपाशी पाण्यांपैकीही एक. निळा हा समुद्राच्या वाळवंटाचा रंग आहे. त्या वाळवंटात प्रवाळांच्या वसाहती भरभरून जगतात, कारण त्यांनी आपल्या अंगातच शेवाळ पोसलेलं असतं आणि आलेला कण वाया जाऊ देत नाहीत. कॅमेरा नेमका तिथे जातो. जाणारच, तिथे दिसतं.

आमच्या पटांगणापासून शंभर पावलांवर जे पाणी होतं, त्यात हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत. वर खंबातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती गाळ आणून ओततात. भरती-ओहोटीचा पल्ला मोठा. मुंबईच्या बाजूला उधाणात पाणी चार मीटरांहून जास्त चढतं-उतरतं. दिवसातून दोनदा येणाऱ्या-जाणाऱ्या त्या ओढीत तळचा चिखल धड बसूच शकत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या नद्या आपला वाटा टाकतात. खाडीतल्या खारफुटीची पानं कुजून त्या पाण्यात मिसळतात. त्या कुजलेल्या भरड्यावर आणि सूक्ष्म जीवांवर जवळा पोसला जातो, जवळ्यावर बोंबील, आणि बोंबलावर अर्धी मुंबई. डोलीचं जाळंही या पाण्याच्या स्वभावावरच बेतलेलं. लांब निमुळती पिशवी प्रवाहात रोवून ठेवायची, तोंड पाणी येतं त्या दिशेला. ती माशाच्या मागे धावत नाही; समुद्रच मासा आणून घालतो. म्हणूनच भांगाला ओढ मंदावली की डोलकर घरी बसतो आणि सिनेमा बघतो.

बोंबील या पाण्याचा खरा नायक. जगात सगळीकडे तो मिळत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्याचं राज्य सौराष्ट्रापासून मुंबई-रायगडपर्यंत. रत्नागिरीच्या खाली तो विरळ होत जातो, आणि मग थेट बंगालच्या अंगाला भेटतो. देखणेपणाच्या कुठल्याही कसोटीवर तो बसणार नाही. अंग लिबलिबीत, पारदर्शकतेच्या जवळ जाणारं, जबडा डोक्यामागे उघडणारा, दात बारीक आणि असंख्य. मोठा झाला की छोट्या बोंबलांनाही सोडत नाही. त्याच्यावर सिनेमा कोण काढणार? आणि काढला तरी दिसणार काय? गढूळ पाण्यात कॅमेरा खाली सोडला तर पडदाभर दिसेल ती तपकिरी धूळ.

सिनेमानं समुद्राखाली डोळा नेला त्याला शतकाहून थोडं जास्त झालं. १९१४ साली विल्यमसन बंधूंनी बहामाच्या पाण्यात पोलादी नळीतून एक काचेची कोठडी सोडून चित्रण केलं. कुठे, तर बहामात, कारण तिथलं पाणी आरपार दिसतं. पाण्याखालच्या सिनेमानं आपली जागा पहिल्याच दिवशी निवडली ती नितळपणावरून, आणि ती निवड आजवर फारशी बदललेली नाही. १९४३ साली झाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवर हवा घेऊन पोहण्याचं यंत्र तयार केलं आणि कॅमेरा माशांबरोबर हिंडू लागला. १९५६ सालच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि ऑस्करही. त्याच चित्रपटात कूस्तोची माणसं मासे मोजायला म्हणून प्रवाळात सुरुंग लावतात, आणि जहाजाच्या पंख्यानं जखमी झालेल्या व्हेलच्या पिलावर तुटून पडणाऱ्या शार्कांना वर ओढून मारतात. पुढे हेच कूस्तो समुद्र वाचवा म्हणून जगभर फिरले. बघता बघता माणूस बदलतो याचा तो पुरावा म्हणायला हरकत नाही. बघणाऱ्याचे हात नेहमीच स्वच्छ होते असं मात्र समजू नये.

माहितीपट कायदाही बदलतो, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क मोठ्या संख्येनं मारले जायचे, यकृतातल्या तेलासाठी आणि परदेशी जाणाऱ्या मांसासाठी. जगातला सर्वांत मोठा मासा, तोही बारीकसारीक प्लवक गाळून खाणारा, गळाला पिंपं बांधून दमवून किनाऱ्याला ओढला जायचा. माइक पांडे यांनी ते चित्रित केलं. ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ २००० साली आला, आणि २००१ साली व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गेला. असं संरक्षण मिळालेला तो देशातला पहिला मासा. नंतर त्याच किनाऱ्यावरचे मच्छीमार जाळं कापून त्याला सोडू लागले. महाराष्ट्रातही २०१८च्या अखेरीपासून जाळ्यात सापडलेलं कासव, डॉल्फिन किंवा व्हेल शार्क सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. आमच्या पटांगणातल्या दोघांना ती मिळालेली होती. सिनेमात कासव आलं तेव्हा त्यांच्याकडे सगळ्यांनी वळून पाहिलं.

पण या सगळ्या जिवांना चेहरा आहे. कासवाला डोळे आहेत, डॉल्फिन हसल्यासारखा दिसतो, व्हेल शार्कच्या पाठीवर चांदण्या आहेत. माहितीपटाचं प्रेम दिसण्यातून जन्मतं, म्हणून जे दिसतं त्याच्यावरच ते जडतं. आणि आपल्या किनाऱ्याची अडचण नेमकी तीच आहे. इथलं बहुतेक सगळं दिसत नाही. निळं पाणी महाराष्ट्राकडेही आहे, नाही असं नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास लोक प्रवाळ बघायला बुड्या मारतात. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रात, पाण्याखाली एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा साधारण वीस मीटर खोल, वर प्रवाळ, पाणी नितळ. कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ते ‘आंग्रिया बँक’ म्हणून ओळखलं जातं. त्याच्यावर सिनेमा निघेल, निघावाही. उरलेला, मुंबई-रायगड-पालघरचा समुद्र मात्र बघणाऱ्याला मळकट दिसतो. मळकट म्हणजे घाण, घाण म्हणजे मेलेला, मेलेला म्हणजे भराव टाकायला मोकळा, अशी उतरंड आपल्या मनात कधी लागली ते आपल्यालाही कळत नाही. २०२० साली मुंबईच्या सागरी किनारा रस्त्यासाठी वरळी आणि हाजीअलीजवळच्या प्रवाळवसाहती उचलून दुसरीकडे न्याव्या लागल्या, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं की आपल्या दारात प्रवाळ राहतो.

इथे गढूळ आणि घाण यांची गल्लतही करायला नको. शहराचं सांडपाणी समुद्रात जातं, कारखान्यांचं जातं, प्लास्टिक जातं. त्याचं कौतुक करणारा माणूस खोटा. पण गाळानं आणि जीवांनी गढूळ झालेलं पाणी आणि मैल्यानं काळवंडलेलं पाणी यांतला फरक पुलावरून जाणाऱ्या गाडीच्या काचेतून दिसत नाही. तो फरक मावशी वासावरून सांगतात, नाखवा जाळ्याला लागलेल्या चिकट्यावरून सांगतात. त्यांचं ज्ञान डोळ्यांचं कमी आणि हातांचं, नाकांचं, कानांचं जास्त. उथळ, गढूळ किनाऱ्यात राहणारे जीवसुद्धा तसेच आहेत. इथे एक पाठीवर पंख नसलेला, बुटक्या तोंडाचा छोटा पॉरपॉइज असतो, डॉल्फिनचा नातलग. तो समोरचं पाणी टिचक्यांसारख्या आवाजांनी चाचपत जातो. घोळ, ढोमा या जातीचे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंनी थापा मारतात आणि घुमल्यासारखा आवाज काढतात. घोळीच्या त्या पिशवीला, म्हणजे बोताला, परदेशात सोन्याचा भाव. २०२१ साली पालघरच्या मुरबे गावच्या मच्छीमाराला एका फेरीत दीडशेहून अधिक घोळी लागल्या आणि त्या सव्वा कोटीहून जास्त रुपयांना गेल्या, ही बातमी पटांगणातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. मासा ज्यानं बोलतो त्याचाच बाजार. पडद्यावर मात्र व्हायोलिनं वाजत होती. पाण्याखालच्या चित्रणातले खसफस, चपचप असे आवाज बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत बसून घातलेले असतात. खरे आवाज ऐकायला वेगळं यंत्र सोडावं लागतं, आणि गढूळ पाण्यात ते चांगलंच चालतं, हे विशेष.

तास-सव्वा तासानं सिनेमा संपला. ट्यूबलाइट लागली. मुलांनी अपेक्षेप्रमाणे प्लास्टिकवर बोलून घेतलं, बारक्या पापलेटांवर बोलून घेतलं. २०२३ साली सरकारनं पापलेटाला राज्यमासा केलं ते त्याची पिल्लं वाचावीत म्हणूनच, असं सांगितलं. मागून एकानं विचारलं, की मग परराज्यातल्या मोठ्या बोटी रात्री दिवे लावून येतात त्यांना हा सिनेमा दाखवला का? टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. पोरांचे प्रश्न सुरेख होते. कॅमेरावाल्याला मुशी चावत नाही का? खाली लघवीला लागली तर? मावशींनी आपला अभिप्राय जाता जाता दिला: सिनेमा चांगला होता, पण एकाही म्हावऱ्याचा भाव सांगितला नाही.

मग नाखवा उठले. माईक त्यांनी घेतला नाही. “दावलं ते छान दावलं,” म्हणाले, “पन आमचा दर्या कवा दावनार?”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. त्यांचा काही दोष नव्हता. मुंबईत सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ला, वॉटसन हॉटेलात, ल्युमिएर बंधूंचा. तिकीट एक रुपया. त्या दिवशीच्या सहा चित्रफितींत एक होती समुद्रस्नानाची: फ्रान्सच्या किनाऱ्यावर माणसं लाटांत उड्या मारताहेत. हॉटेलाच्या पलीकडे त्याच वेळी पावसाळ्यातला अरबी समुद्र चिखलाच्या रंगाचा होऊन उसळत असणार. म्हणजे आपण पडद्यावर पाहिलेला पहिला समुद्रही दुसऱ्याचाच होता. सव्वाशे वर्षं उलटली, पडद्यावरचा समुद्र रंगीत झाला, बोलू लागला. आपला झाला नाही. नाखवांचा प्रश्न पहिल्या खेळापासून उधार आहे.

त्या रात्री आम्ही काही जण पडदा गुंडाळून झाल्यावरही तिथेच बोलत बसलो आणि तो सिनेमा तोंडी तोंडी काढला. सुरुवातीला पडदा काळा, नुसता आवाज: ढोम्यांचा घुमारा. पटांगणातले डोलकर तो ओळखतील, बाकीच्यांना वाटेल यंत्र बिघडलं. मग हळूहळू तपकिरी उजेड, त्यात उडणारे कण, आणि कणांमधून चाललेला काचेसारखा जवळा. डोलीच्या आत ठेवलेला कॅमेरा, पाणी फिरतं तेव्हा सगळी पिशवी कशी ताणते ते दाखवणारा. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांवरचे जीव. ते दाखवायला तर बुडीही मारावी लागत नाही. २०१७पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी गिरगाव, जुहू, हाजीअलीच्या खडकांवर लोकांना नेऊन समुद्री गोगलगायी, खेकडे, ऑक्टोपस असं काय काय दाखवत आली आहेत. खारफुटीच्या चिखलात एकमेकांवर तोंड पसरणाऱ्या निवट्या. आणि एक रात्र, जाळं वर घेताना पाणी हिरवं-निळं पेटतं ती. सूक्ष्म जीव डिवचले गेले की उजेड टाकतात. नाखवांनी ते शेकडो वेळा पाहिलंय आणि अजून त्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो. निवेदन कुणाचं, यावर एकमत लगेच झालं. मावशींचं. प्रत्येक मासा कुठून आला, काय खातो, कुणाच्या तोंडी जातो, पिल्लू किती बोटांचं असेल तर परत टाकायचं, आणि भाव काय, हे एका दमात सांगणारं दुसरं कोण आहे?

“असा सिनेमा काढायला पैसे लागतील, नाखवा,” एक मुलगा म्हणाला. “आणि काढला तरी आम्ही तो फुकटच दाखवणार.”

नाखवा उठून उभे राहिले होते. पहाटे त्यांना जाळी बघायची होती. “त्याला नको फुकट,” ते म्हणाले. “आमचा दर्या दावनार तर तिकीट लावा. पयलं तिकीट माजं.”

त्या मुलांनी ते आगाऊ आरक्षण समजून वहीत लिहून घेतलं आहे.